बेटीचा कुपार अध्यक्ष झाला

बेटी आमच्या कचेरीत पहिल्यांदा आली ती मोगरा विकायला. साल चौऱ्याण्णव-पंच्याण्णव असेल. वसईच्या तहसील कचेरीत आम्ही मोजक्याच बायका कारकून होतो आणि सकाळी टेबलाशी बसायच्या आधी बेटीकडून गजरा घ्यायचा, असा रिवाजच पडून गेला होता. फुलाफुलांचा झगा, पायात रबरी चप्पल, डोक्यावर ओल्या फडक्याने झाकलेली टोपली. फुलं देता देता ती प्रत्येकीची काहीतरी खोडी काढायची. माझे केस तेव्हाही विरळच. "विनयाबाय," ती म्हणायची, "तुझ्या केसांना मोगरा नाय, शेनखत पायजे." आणि वर दोन कळ्या जास्त द्यायची.

तिची वाडी गावाच्या पश्चिमेला, समुद्राकडे. केळी, मोगरा, थोडा भाजीपाला, आणि घराच्या मागे दगडी बांधलेली विहीर. नवरा सेबॅस्टियन मुंबईत एका छापखान्यात कामाला होता. सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा, म्हणून वाडी तिच्याच अंगावर होती. तिला ते ओझं वाटायचं नाही. पुढे ओळख वाढली आणि मी रविवारी तिच्याकडे जायला लागले, तेव्हा ती मला आधी विहिरीवर न्यायची, पाणी काढून ओंजळीत द्यायची आणि मी प्यायले की माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी "गोड आहे गं" म्हटल्याशिवाय घरात घ्यायची नाही.

आम्ही मूळचे गुहागरकडचे, आचोळ्याला फ्लॅट घेऊन राहिलेले. बिल्डरने घरात नळ छान लावून दिले होते, त्यांत पाणी सोडायचं तेवढं राहून गेलं. त्यामुळे टँकर. आचोळ्यात काय आणि नालासोपाऱ्यात काय, त्या काळात इमारती उठत होत्या आणि सगळ्या टँकरवर जगत होत्या. ते पाणी कुठून यायचं, हा प्रश्न आमच्या सोसायटीत कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. टँकर उशिरा का आला, हे मात्र रोज विचारलं जायचं. पाणी येत होतं पश्चिमेच्या गावांतल्या विहिरींतून. त्या गावांत सगळ्यात आधी टँकर घेतला तो फर्डिनंडने.

फर्डिनंड म्हणजे बेटीचा कुपार. आता हे नातं इतर ठिकाणच्या माणसांना सांगावं लागतं. बेटीची मुलगी हिना हिच्या बाप्तिस्म्याच्या वेळी फर्डिनंडने तिला देवळात, म्हणजे चर्चमध्ये, हातावर घेतलं होतं. तो तिचा धर्मबाप. मुलीचा धर्मबाप तो आईबापांचा कुपार. तिथल्या ख्रिस्ती माणसांत हे नातं रक्ताच्या नात्याच्याही वरचं धरतात, कारण रक्ताचं नातं आपोआप होतं आणि हे देवासमोर मागून घेतलेलं असतं. कुपाराशी भांडत नाहीत. भांडण झालंच तर ते त्याच्या घरी जाऊन, त्याच्या ओसरीवर बसून मिटवायचं. गावात काढायचं नाही, कोर्टात तर नाहीच नाही.

माणूस वाईट नव्हता, हे मला आधीच सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं सोपं होऊन जाईल. कोणाच्या घरी आजारपण निघालं तर पहिली जीप त्याची यायची. देवळाच्या सणाला मांडव त्याचा असायचा. पण त्याची वाडी बेटीच्या वाडीला लागून होती. तिथे त्याने आधी विहीर उपसली, ती पुरेना तेव्हा खोल बोअर मारली, मग आणखी एक. टँकर रांगेने उभे राहायला लागले. समुद्र जवळ असलेल्या जमिनीतून गोड पाणी असं ओढत राहिलं की त्याची जागा खारं पाणी घेतं. बेटीला हे कोणी समजावून सांगितलं नव्हतं. तिच्या चहात दूध फाटायला लागलं. डाळ शिजेना. केळीच्या पानांच्या कडा करपल्या आणि मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आधीच गळायला लागल्या.

गावातल्या बऱ्याच विहिरींचं तसंच झालं होतं. लोक चिडले, मोर्चे निघाले, रस्त्यात टँकर अडवले गेले. विहीरवाल्यांनी मिळून तक्रार केली आणि तक्रारीत पहिलं नाव बेटीच्या विहिरीचं होतं, कारण ती बोअरला सगळ्यात जवळची. फर्डिनंडचं नाव तीत कुठेच नव्हतं. 'टँकरमालक' एवढंच लिहिलं होतं आणि बेटीने ते तसंच लिहायला लावलं होतं.

शेवटी सरकारने तालुक्यासाठी एक पाणी नियंत्रण समिती नेमली. समितीला अधिकार भरपूर होते. विहिरी तपासायच्या, उपशाची मर्यादा ठरवायची, ती मोडेल त्याच्या पंपाला सील ठोकायचं. समितीच्या लिखापढीसाठी मला तिकडे देण्यात आलं. मला खरंच आनंद झाला होता. बेटीला मी गजरा घेता घेता म्हटलंसुद्धा, आता बघ, तुझं पाणी परत येतं की नाही.

मग अध्यक्षाचं नाव आलं. टँकरमालकांच्या संघटनेचा अध्यक्ष फर्डिनंड, तोच पाणी नियंत्रण समितीचाही अध्यक्ष. मला वाटलं आमचे तहसीलदार साहेब थट्टा करतायत, म्हणून मी हसले. साहेब हसले नाहीत. "अहो, पाण्याच्या धंद्यातल्या खाचाखोचा धंद्यातल्या माणसालाच कळणार," ते म्हणाले. "बाहेरचा माणूस आणला तर शिकण्यातच त्याची मुदत संपेल." बाकीचे सभासदही बहुतेक याच विचाराने निवडले होते. उपाध्यक्षांचे टँकर कामणच्या बाजूला चालायचे.

मला वाटलं, गाव आता पेटणार. गावाने त्याची वाजतगाजत मिरवणूक काढली. आपला माणूस खुर्चीवर बसला, आता आपलं कोणीतरी ऐकेल, असं जो तो बोलत होता. ज्यांनी त्याचे टँकर अडवले होते तेच हार घालायला पुढे होते. बेटी टोपली भरून मोगरा घेऊन कचेरीत आली आणि तिने स्वतः अध्यक्षाच्या खुर्चीला माळा बांधल्या. त्या दिवशी आम्हाला कोणाला गजरा मिळाला नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ती शेजाऱ्यांना घेऊन आली. तक्रार मागे घ्यायची होती.

"वेड लागलंय का तुला?" मी तिला बाजूला घेऊन म्हटलं. "आता तर कुठे समिती झाली."

"अगं, पन समितीवर कोन हाय?" ती म्हणाली. "तक्रार आता कुपारासमोर जानार. हिनाला त्याने हातावर घेतलीय. त्याच्यावर कागद घालायचा? त्याच्या घरी जाऊन बोलेन ना मी. आधी सरकार होतं तवा कागद पायजे होता. आता घरचा मानूस हाय."

मी तिला समजावलं. कागद नसेल तर समितीला हात घालायला काही उरत नाही, हेही सांगितलं. ती माझ्याकडे दयेने बघत होती. शहरातल्या माणसांना नाती कळत नाहीत, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. शेजारी थोडे घुटमळले, पण पहिलं नावच निघतंय म्हटल्यावर बाकीच्यांनीही माघार घेतली. मला तिचा इतका राग आला की मी महिनाभर तिच्याशी धड बोलले नाही.

ती त्याच्याकडे रविवारी देवळातल्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर गेली. त्याने तिला ओसरीवर बसवलं, बायकोला कॉफी करायला सांगितली, सगळं ऐकून घेतलं. "बेटी, आता मीच हाय ना तितं," तो म्हणाला. "तुला वेगलं सांगायला पायजे काय?" आणि त्याने शब्द पाळलाही. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत त्याने तिच्या बांधाजवळची बोअर बंद ठेवली. बेटी गावभर सांगत सुटली. कचेरीत येऊन मलाही ऐकवून गेली. ईस्टर झाला, उपवास सुटला, बोअर पुन्हा सुरू झाली. ती परत गेली तेव्हा तो म्हणाला, उन्हाळा जाऊ दे, आचोळ्याची मानसं पन मानसंच हायत ना. ती तशीच परत आली. आणि आचोळ्याची माणसं म्हणजे तर मीच.

समितीचं काम मात्र जोरात चाललं होतं. पहिल्या वर्षी आम्ही टँकरना परवाने दिले. प्रत्येक टँकरवर पिवळा पट्टा आणि 'समितीमान्य' अशी अक्षरं आली. झाकण कसं असावं, पाइप किती जाडीचा, यावर बैठका झाल्या. उपशाची मर्यादा ठरवणं हा विषय दर बैठकीत शेवटी असायचा आणि तिथपर्यंत पोचेस्तोवर सामोसे संपून सभासद उठलेले असायचे. पंपाला सील असं एकदाच ठोकलं, तेही एका नव्या माणसाच्या. त्याने परवाना न घेता टँकर आणला होता.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात हिनाचं लग्न ठरलं. तोवर बेटीच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नव्हतं. मोगरा गेला होता. केळी उभ्या होत्या, पण घड धरत नव्हत्या. टोपली घेऊन ती यायची ती आता दुसऱ्याकडची फुलं विकायला, आणि थट्टा करायचं तिने सोडलं होतं.

त्यांच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवर जाऊन पाणी आणायची पद्धत आहे. बायका नटूनथटून निघतात, पुढे बँड असतो, सजवलेल्या कळशा असतात. विहिरीला मान देतात, पाणी काढतात आणि त्या पाण्याने नवरीला अंघोळ घालतात. पाणी आपल्या घरच्या विहिरीचं लागतं. बेटीच्या सासूने, तिच्याही सासूने आपापल्या मुलींना त्याच विहिरीचं पाणी घातलेलं होतं. खाऱ्या पाण्याने मुलीला कशी अंघोळ घालायची, या एकाच विचाराने बेटी खंगली होती. फर्डिनंडला ते तिने न सांगताच कळलं.

लग्नाच्या दोन दिवस आधी त्याची माणसं आली. त्यांनी पंप लावून विहीर तळापर्यंत उपसली, गाळ काढला. मग टँकर आले आणि त्यांनी विहिरीत गोड पाणी ओतलं, एकामागून एक, पायऱ्या बुडेपर्यंत. पैशांचं नाव नाही. "माझी पन मुलगी हाय ती," तो सेबॅस्टियनला म्हणाला. सेबॅस्टियनने त्याचे हात हातात घेतले. बेटी विहिरीच्या कठड्याशी उभी राहून वर येणारं पाणी बघत होती. ते पाणी कुठून उपसलेलं आहे, हे तिला ठाऊक होतं. बोअर तिथून दिसत होती.

पाणी आणायच्या दिवशी दुपारी आमच्या समितीची पाहणी त्या गावात होती. तारीख कचेरीतूनच पडली होती, अध्यक्षांच्या सहीने. ती मुद्दाम पडली की योगायोगाने, हे मला आजही सांगता येत नाही, आणि मला तेच जास्त खटकतं. पाहणीला एक तरुण अधिकारी होता, नमुन्याची बाटली घेऊन, आणि टिपणं घ्यायला मी. आम्ही वाडीत शिरलो तेव्हा बँड वाजत होता. बायका विहिरीभोवती जमल्या होत्या. धर्मबाप म्हणून फर्डिनंड नव्या कोटात उभा होता. आम्हाला बघून तो जरा चमकला, की मला तसं वाटलं, देव जाणे.

अधिकारी बिचारा संकोचला. "मंगलकार्यात व्यत्यय नको, पटकन आटोपतो," असं म्हणून त्याने बाटली भरली, थोडं पाणी हातावर घेऊन चाखलं. मग नियमाप्रमाणे विहिरीच्या मालकाला विचारायचं म्हणून त्याने बेटीला विचारलं, "बाई, पाणी कसं आहे?"

बँड थांबला होता. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. हिना घराच्या मागच्या पायरीवर उभी होती. मी हातात पेन धरून होते आणि मनात म्हणत होते, सांग गं, आता तरी सांग, हे टँकरचं पाणी आहे म्हणून सांग. पण कोणासमोर सांगणार? जो मुलीचं लग्न साजरं करायला पाणी घेऊन आला, तो समोर उभा. आणि जे पाणी आता मुलीच्या अंगावर घालायचं, ते विकतचं आहे, उसनं आहे, असं व्याह्यांकडच्या बायकांदेखत कोणती आई म्हणेल?

"गोड हाय," बेटी म्हणाली.

मी लिहून घेतलं. नवरीच्या पाण्यात मीठ कालवायची माझी काय हिंमत होणार होती. बँड पुन्हा सुरू झाला.

लग्न छान झालं. ओतलेलं गोड पाणी पंधरवडाभर टिकलं असेल, मग विहीर होती तशी झाली. केळी पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आडव्या झाल्या. मग एकदा सेबॅस्टियनने, जो माणूस घरात आवाजसुद्धा करत नसे, तिला सांगितलं की आता तू कागद घाल, नाहीतर मी घालतो. तिने घातला. एकटीने. शेजाऱ्यांतल्या दोघांनी तोवर स्वतःच्या विहिरी टँकरला लावून दिल्या होत्या, बाकीच्यांना यात पडायचं नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी ती हिनाच्या लग्नातला चांगला झगा घालून आली. टोपली नव्हती. समितीसमोरच्या खुर्चीत ती अगदी कडेला बसली. मी माझ्या टेबलावरून तिला खूण केली, पण तिचं लक्ष नव्हतं. तक्रार साधी होती. बांधाजवळची बोअर बंद करावी, विहीर खारी झाली आहे.

मी तक्रार वाचून दाखवली. वाचून झाल्यावर फर्डिनंड उठून उभा राहिला. कचेरीत तो पुस्तकी मराठी बोलायचा.

"तक्रारदार बाईंचा मी कुपार लागतो," तो म्हणाला. "त्यांच्या मुलीचा मी धर्मबाप आहे. नात्यातल्या माणसाच्या प्रकरणात मी निर्णय देणं बरोबर नाही. उद्या कोणी म्हणायला नको की अध्यक्षांनी घरच्या माणसाला झुकतं माप दिलं. मी बाहेर जातो."

आणि तो खरंच बाहेर गेला. सभासदांनी माना डोलावल्या. एकाने तर टेबलावर हात आपटून शाबासकी दिली. असा सरळ माणूस हल्ली बघायला मिळत नाही, असं उपाध्यक्ष मोठ्याने म्हणाले. ज्या बोअरबद्दल तक्रार होती ती त्याची होती, टँकर त्याचे होते, हे नातं मात्र त्या खोलीत कोणाला आठवलं नाही. मला आठवलं होतं. पण कारकुनाने बैठकीत बोलायचं नसतं, म्हणून मी पुढचा कागद काढला.

उपाध्यक्षांनी पाहणीचा अहवाल मागवला. नमुना गोड निघाला होता. मग त्यांनी बेटीला अगदी मऊ आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः अधिकाऱ्यांना काय सांगितलं होतं?"

"गोड हाय, म्हनून सांगितलं."

"मग?"

बेटी झग्याची कड बोटांनी सरळ करत राहिली. उपाध्यक्षांनी माझ्याकडे बघून मान हलवली. तक्रार निकाली निघाली. मी ते टाइप केलं आणि माझ्या हातांना काही जाणवलं नाही, इतर कुठलाही कागद टाइप करावा तसंच ते झालं.

मी तिच्याबरोबर खाली उतरले. फाटकाशी फर्डिनंड जीपला टेकून उभा होता. तिची वाट बघत थांबला होता. निकाल त्याने विचारला नाही. तिच्या हातातली पिशवी त्याने घेतली.

"चल, घरी सोडतो," तो आपल्या गावच्या बोलीत म्हणाला. "उनात कुठे चालत जाशील?" मग थोडा घुटमळला. "बेटी, मी बसलो नाय तितं, ते तुज्यासाठीच. रागावली नाय ना?"

बेटीने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, रडून नाही, कशानेच नाही. मी तिच्या इतक्या जवळ उभी होते, तरी मला तिच्या चेहऱ्यावर काही सापडलं नाही.

"राग यायला पायजे होता, कुपारा," ती म्हणाली. "मी पन वाट बघते हाय. येत नाय."

त्याने जीपचं दार उघडून धरलं आणि ती आत जाऊन बसली.